राजीनाम्याआधीची सपना

माझी भावजय सपना चिडत नाही, याचाच मला फार राग येतो. मी दीप्ती, तिची मोठी नणंद. आमच्या घाटकोपरच्या घरात चिडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

सपना मरोळला दागिन्यांच्या एका कारखान्यात आहे, मेणाच्या खात्यात. तिथे सोन्याचा दागिना आधी मेणाचा होतो. कारागीर कडक हिरव्या मेणातून पहिला नमुना कोरतो, त्यावरून साचा बनतो, आणि मग सपनासारख्या बायका साच्यात मेण भरून तसेच शेकडो नग काढत बसतात. तिने ते वर्षानुवर्षं काढले. तिला बसायचं होतं ते कोरायच्या टेबलावर. मागच्या दिवाळीनंतर तिथली जागा रिकामी झाली आणि मॅनेजरने आपला भाचा आणून बसवला. त्या महाशयांना कानस कशी धरायची तेही सपनानेच दाखवलं.

"तोंडावर राजीनामा फेकून ये!" मी म्हटलं. "सुट्टीवर आहेस असं समज आणि आरामात दुसरीकडे बघ."

"फेकते ना ताई. पण दुसरीकडे दाखवू काय?"

हे मात्र खरं होतं. त्या कारखान्यातून काहीच बाहेर येत नाही. मोबाइल गेटवर ठेवायचे. निघताना चपला झटकून बघतात, वेणीसुद्धा चाचपतात. हात धुतलेलं पाणीही साठवतात, त्यात सोन्याची धूळ असते म्हणून. इतक्या वर्षांच्या कामाचा एक फोटो बाईकडे नाही.

मग तिने तयारी सुरू केली. नोकरी चालू, मॅनेजरला पत्ता नाही. माझा भाऊ विशाल याने खिडकीशी एक फळी ठोकून दिली. मेण आणलं, कानशी आणल्या. दर रविवारी ती बोरिवलीला श्यामसुंदर नावाच्या निवृत्त कारागिराकडे शिकायला जायची. म्हातारा तिरसट होता. तिचा पहिला नमुना बघून म्हणाला, "हा साबण आहे. अंघोळ कर याने." मी असते तर तिथेच भांडले असते. ही हसत घरी आली आणि पुन्हा कोरायला बसली.

विशाल म्हणाला, "कंपनीतलं एखादं भारी डिझाइन कर ना, तुला तर पाठ असेल."

"पाठ आहे. पण ते त्यांचं आहे."

मग स्वतःचं काय? तर माझं स्वयंपाकघर! पिकलेल्या कारल्याची बी कधी नीट बघितली आहे? कडेला दातेरी नक्षी असते आणि मध्ये फुगवटा. मी कारली चिरायला घेतली की ही बिया मागायला हजर. शेवग्याच्या फुलांची भाजी तर त्या मोसमात आम्हाला मिळालीच नाही, सगळी फुलं खिडकीतल्या फळीवर. "खायला तरी ठेव गं काही!" मी ओरडायचे. डब्याच्या वेळात ती जुन्या मैत्रिणींना हळूच विचारून ठेवायची, हाताने कोरायचं काम अजून कुठे चालतं, कोण चांगलं वागवतं. पावसाळा संपेपर्यंत तिच्याकडे पितळेत ओतून घेतलेले आठ नग जमले. कारल्याच्या बीचे कानातले मी घालून बघितले आणि आरशापुढून हलेना. श्यामसुंदरने ते उलटसुलट केले आणि काही बोलला नाही. सपना म्हणाली, हीच त्याची शाबासकी.

एका शनिवारी ती अंधेरीच्या एका नव्या स्टुडिओत गेली. मालकीण अनुपमा मॅडम. मॅडमना काम झकास वाटलं, पगारही चांगला सांगितला. मग म्हणाल्या, "तुमच्या कंपनीची पुढच्या सीझनची डिझाइन्स लक्षात असतील ना? दोन-चार मेणात करून दाखवा आणि लगेच जॉइन व्हा."

सपना म्हणाली, "माझी हवी तेवढी करते. त्यांची नाही करणार."

मॅडम हसल्या आणि आठही नग तिच्याकडे सरकवले.

घरी येऊन तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की माझा तोल सुटला. "वेडी आहेस का? वर्षभर डोळे फोडलेस! तुझ्या जागी भाचा बसवला त्यांनी, आणि तू त्यांचीच डिझाइन्स सांभाळतेस? कोणाला कळणार होतं?"

तिने पर्स खुंटीला लावली. माझ्यासमोर बसली.

"ताई, तेव्हा राजीनामा फेकला असता ना, तर आज घरात बसून किती महिने झाले असते. मुलीची फी, विशालचं तसलं कंत्राटी काम. मॅडमनी विचारल्यावर मी 'हो' म्हणाले असते. मला माहीत आहे ना मी कशी आहे ते. म्हणून नाही सोडली नोकरी. मला 'नाही' म्हणता यायला हवं होतं."

इतके दिवस मी तिला भित्री समजत होते, याची मला मनापासून लाज वाटली.

"मग आता?" मी विचारलं.

"मुलुंडला एक जण आहेत. गुरुवारी बोलावलंय." तिने फळीवरचा दिवा लावला. "आणि सोमवारी मरोळला कामावर."