भ्यायचं न्हाई म्हणणाऱ्यांनो

बोरीच्या स्टँडवर एसटीत चढताना परी, माझी धाकटी बहीण, माझी ओढणी सोडत नव्हती. अंगणातला कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं उसात ओढून नेला, तेव्हापासून ती एकटी दाराबाहेर पडत नव्हती, शाळेत जाणंही बंद झालं होतं. म्हणून मी तिला पुण्याला, माझ्या खोलीवर नेत होते. शेजारचे तात्या म्हणाले, "काय गं, वाघाला भिऊन पळतीस व्हय? पुण्यात तर दोन पायांचे वाघ हायेत!" अख्खा स्टँड हसला. आमचे वडील, दादा, खुरपणी टाकून तसेच आलेले. गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण बिबट्या आधी मान धरतो. तो पट्टा घालून ते परीला म्हणाले, "भ्यायचं न्हाई, बाळा. हितं कोण भेतंय?"

गावकऱ्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, उत्तर मी देते. सगळं गाव भेतंय. मोठे भ्याले तर त्याला काळजी म्हणायचं, पोरं भ्याली तर भित्रेपणा. वर आपणच पोरांना सांगणार, "जेव, न्हाईतर वाघ यील." मीही असंच जेवले. तेव्हा वाघ लांब डोंगरात होता. आता तो घरामागच्या उसात बसलाय आणि आपली धमकी अजून तीच. लाज वाटायला हवी राव!

पुण्यात कुठला आलाय बिबट्या, भीती आपोआप जाईल, असं मलाही वाटलं. पार्किंगमध्ये कव्हर घातलेली बाईक बघून परी जिन्यातच बसली, तिला धाप लागली. नव्या शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी मलाच झापलं. घाबरू नको म्हणायचं नाही, कुठं धडधडतंय ते विचारायचं. श्वास सावकाश सोडायला लावायचा. रोज थोडं पुढं न्यायचं, पण ओढायचं नाही. मग आम्ही जिन्यापासून सुरुवात केली. नंतर गेट, नंतर कोपऱ्यावरचं दुकान. एक दिवस ती एकटी जाऊन मेथी घेऊन आली. सांगितली होती कोथिंबीर, पण त्या मेथीची भाजी मी मिरवून खाल्ली.

दिवाळीत आम्ही गावी गेलो. "आता बरी झाली ना, ठेव हितंच," आई म्हणाली. तात्या अंगणात हजर. "आली का पुण्याची वाघीण? जा बरं एकटी उसापतूर!"

परी जागची हलली नाही. "मला भीती वाटते. आणि उसाकडं एकटं जायचंच नसतं."

तात्या हसणार, तेवढ्यात दादा खाली बघत म्हणाले, "मला बी वाटती गं. रातीची लाईट आली की मोटर चालू कराया जाताना लई वाटती."

आमच्या घरात बापाच्या तोंडून हे पहिल्यांदाच निघालं. परीनं त्यांचा हात धरला. "श्वास सावकाश सोडा, दादा. चहावर फुंकर घालतो तसा." तात्यांनी तंबाखू मळायला घेतली.

शेतीला दिवसा वीज, पोरांना शाळेची गाडी, तालुक्यातल्या शाळांत समुपदेशक, यासाठी मी भांडत राहीनच, तुम्हीही या. पण पोरांना वाघाची धमकी देणं थांबवायला कुठल्या साहेबाची सही लागते?

परीला मी परत पुण्याला आणलं. घर कुठं विचारलं तर आम्ही दोघी बोरीच सांगतो. परी धीट झाली की येईल, असं आई शेजारपाजारी सांगते. आई, परी यायला कधीचीच तयार आहे. तयार व्हायचंय ते घरानं.