मी दोरी ताणून धरली होती

मंडळी, आजचं आजच लिहून टाकतो.

आज सकाळी एकोडीकडच्या मोठ्या तलावावर गळ टाकायला गेलो. उन्हाळ्यात तिथली बुडालेली झाडांची खोडं उघडी पडतात, ती मी तेव्हाच पाहून ठेवली होती. आता तलाव भरलाय, आणि माझा नवा, महागाचा गळ नेमका त्या खोडांतच अडकला.

मी ज्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसलो होतो तो चालवणारे सोनबाकाका म्हणाले, "राहू द्या भाऊ, तोडून टाका दोरी." माझं तोंड पडलं. ते पाहून हसले, "थांबा, काढून देतो," आणि दोरीला धरून बुडी मारून खाली गेले.

गळ निसटू नये म्हणून मी दोरी ताणून धरली. वर बुडबुडे फुटत होते, मग तो आवाज थांबला. राइस मिलमध्ये हमालीपासून वर आलोय, मशीनचा आवाज बदलला की मला झोपेतही कळतं. ही शांतता बरी नव्हती. दोरीला झटके बसत होते, आणि मी मासा लागल्यासारखा आणखी ओढत होतो.

खाली काका आहेत हे ध्यानात आलं, तशी मी चाकूने दोरी कापली.

काका खोकतच वर आले. मनगटाची कातडी सोललेली. "ढील काहून नाही देल्ली भाऊ? दोरीत हात अटकला होता ना माझा."

मग दम खाऊन म्हणाले, "गळ खालीच राहिला. आणखी एक बुडी मारू का?"

डोंगा मीच वल्हवत काठाला आणला.

तुमचं पडलेलं तोंड पाहून कोणी असं पाण्यात उतरलंय का कधी?