मुकुटासाठी दोर नाही

ओरोसियाला राग यायला कारण लागत नाही, असं असप्राल गावात सगळे म्हणायचे. ते खोटं होतं. कारण होतं, आणि ते तिच्याच घरात चुलीपाशी बसून लोकांच्या जोड्यांना टाके घालत असे. तिचा धाकटा भाऊ उर्बेस.

गावाच्या डोक्यावर चुनखडीचा उभा कडा आहे. त्याच्या सावलीतल्या, उत्तरेकडच्या अंगाला राजमुकुट नावाचं झाड उगवतं. माती म्हणाल तर भेगेत अडकलेली चिमूटभर. तेवढ्यावर ते झाड ताटलीसारखं गोल पसरत जातं. अरुंद, करडी पानं एकमेकांत दाटलेली, कडांना चुन्याची पांढरी किनार. कित्येक वर्षं ते नुसतंच वाढतं. मग एका उन्हाळ्यात मधोमध हातभर लांब तुरा फुटतो, शेकडो पांढऱ्या फुलांचा, आणि बी झडलं की झाड मरतं. बाजूला पिल्लं फुटत नाहीत. फुलण्याआधी उपटलं की त्याचा वंश तिथंच खुंटला.

आणि गावची रीत अशी, की उन्हाळ्यात येणाऱ्या सान हुआन या संताच्या सणाला पोरांनी दोराने कड्यावरून उतरायचं, न फुललेला मुकुट उपटायचा आणि आवडत्या पोरीच्या दारावर खिळ्याने ठोकायचा. ऐन विशीत उर्बेस असाच नुनिलासाठी उतरला. दगडाच्या धारेवर दोर घासून तुटला. कंबरेखालचं अंग गेलं ते गेलंच. नुनिलाने पुढे गिरणीवाल्याशी लग्न केलं. तिच्यावर ओरोसियाचा राग नव्हता. त्या पोरीने कुठे काही मागितलं होतं? राग होता तो गावावर. दर सणाला वाइन फिरू लागली की कुणीतरी उर्बेसच्या धाडसाची गोष्ट रंगवून सांगायचं. त्यातला एकही जण त्याला उचलून उन्हात बसवायला कधी आला नव्हता. ओरोसियाला मागणी घालायला आलेल्या एका मेंढपाळाने, भावाला अपंगांच्या आश्रमात ठेवू, असं सुचवलं तेव्हा तिने त्याला भरल्या ताटावरून उठवून दार दाखवलं होतं.

त्या वर्षी गावचा प्रमुख मार्सियाल, ज्याची खानावळही होती, त्याने स्पर्धाच जाहीर केली. सर्वांत मोठा मुकुट आणणाऱ्याला बक्षीस. शहरातून पाहुणे येणार होते. ओरोसिया तडक खानावळीत गेली.

"मार्सियाल, यंदा कुणाच्या पोराचं कंबरडं मोडायचं ठरवलंयस?"

"सणाच्या तोंडावर अभद्र बोलू नको, बाई. पोरं आपल्या खुशीने उतरतात."

"तुझा उतरणार आहे का?"

मार्सियालने पेला पुसता पुसता नजर वळवली. "त्याला उंचावर चक्कर येते."

"बरी येते."

तिथून ती घरोघरी फिरली. गवताचे भारे बांधायचे लांब दोर प्रत्येक घरात असतात. आयांना तिने उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, की दोर मला द्या, नाहीतर एक दिवस येऊन उर्बेसला अंघोळ घालून बघा. संध्याकाळपर्यंत बायका शालीआड दोर घेऊन तिच्या गोठ्यात येत होत्या. तिने सगळे गवताखाली दडपले.

सणाच्या दिवशी पाहुणे आले, आणि गावात एक दोर सापडेना. मार्सियाल लालबुंद झाला. पोरं आधी कुरकुरली, मग नाचायला गेली, आणि काहींच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव लपत नव्हता. ओरोसिया ताठ मानेने घरी आली.

उर्बेस दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसला होता.

"कुणासाठी नटलास?" तिने विचारलं.

"मार्सियालने मला परीक्षक केलं होतं. न्यायला येणार होते." त्याने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "इतक्या वर्षांत गावाने पहिल्यांदा मला काही विचारलं, ताई. आणि तू दोर लपवलेस."

त्या रात्री लसूण घालून परतलेला पावाचा चुरा दोघांनीही तसाच टाकला. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चूक आपली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळे संताप आणखीच चढत होता.

शेवटी ती पुन्हा खानावळीत गेली. या वेळी माणसं भरलेली असताना.

"त्याला चौकात बोलवायला मुकुटच कशाला लागतो रे?" तिने मार्सियालला विचारलं. "रविवारी तुमचा पत्त्यांचा डाव रंगतो, तेव्हा त्याची आठवण का होत नाही? त्याचे पाय गेलेत. डोकं नाही गेलेलं."

मार्सियालने मान खाली घातली.

रविवारी दोन पोरं खुर्ची घेऊन दारात आली, त्यात एक मार्सियालचा होता. उर्बेस चौकात बसला, पत्ते खेळला, हरला, भांडला. वर कड्यावर त्या वर्षी हात न लागलेले मुकुट फुलले होते. पांढरे तुरे वाऱ्यावर झुलत होते. असे फुललेले त्याने तरुणपणीही कधी पाहिले नव्हते. तो मान वर करून बघत राहिला.

परतताना पोरांनी खुर्ची वाकडी धरली, म्हणून ओरोसियाने त्यांना गल्लीभर झापलं. ते झापणं ऐकत उर्बेस पहिल्यांदा तिच्याशी बोलला. म्हणाला, "ताई, पुरे आता."

ती थांबली नाही.