वालावलकर सरांचा वायंगणी तरवा

त्या सकाळी ग्रामदेवतेला हात जोडून मी मसुऱ्यातल्या आमच्या मळ्यात उतरलो आणि वायंगणी भाताच्या कोवळ्या रोपांवर, म्हणजे तरव्यावर, झावळ्या घालू लागलो. मार्गशीर्षातल्या थंडीने रोपं पिवळी पडतात, म्हणून आम्ही सगळेच झाकत असू. एवढ्यात बांधावरून आवाज आला, "झाकू नको रे. थंडीत कोण उभो रवता, ताच माका बघूचा आसा."

"आणि सगळो तरवो मेलो तर?"

"मरूंदे. उरतलो तो आपलो."

भाताच्या नव्या जाती घडवणाऱ्या वालावलकर सरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. माझ्या मळ्याचा एक कोपरा त्यांनी चाचणीसाठी मागून घेतला. थंडीतही जोमाने वर येणाऱ्या रोपांचंच बी ते वर्षानुवर्षं निवडत गेले. ते बी शेवटी फक्त माझ्या घरच्या डब्यात उरलं होतं.

सरांच्या पत्नी, आमच्या काकी, त्यांच्याबरोबर येत. एका कडक थंडीत त्यांनी सरांना न सांगता चाचणीचे सारे वाफे झाकून टाकले. "बिचारी कुडकुडतत. तुमका दया कशी नाय?" सरांनी कपाळाला हात लावला. "गो, माझां अख्खां वरस झाकलंस!" म्हणाले, आणि हसत सुटले. त्या वर्षीची निवड मात्र त्यांनी पूर्ण रद्द केली; एकाही वाफ्याचा निष्कर्ष ओढूनताणून धरला नाही. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा मळ्याला पाणी लावायला सर स्वतः येत. त्याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही.

गेल्या वर्षी काकी गेल्या. सर त्यानंतर मळ्याकडे फिरकले नाहीत आणि मागच्या हिवाळ्यात पेरणीच झाली नाही. आमच्या दमट हवेत भाताचं बी फार टिकत नाही. यंदा पेरलं नाही तर हा वाण कायमचा जाणार. मी विचारायला गेलो, तर सर म्हणाले, "रवांदे रे. आता कोणाक दाखवू?" त्यांचा शब्द मी आजवर मोडला नव्हता. सांजवातीपुढे बसलो की त्यांचा तो आवाजच कानात येई.

सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाला ते स्वतः येतील का, ठाऊक नाही. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळावं आणि दुःखाचा भार थोडा हलका व्हावा, हेच देवीपाशी मागणं.

सर, तुम्ही नको म्हणालात, तरी काल मी ते बी मळ्यात पेरलं.