येसूमामांनी बांधलेला बिंडा

रविवारचे भोजन आटोपून मी माझ्या पिठाच्या गिरणीत, रिकाम्या पोत्यांवर उताणा पडलो आहे. पट्टा केव्हाच थांबला आहे, तथापि त्याची घरघर कानांत अद्याप फिरते आहे. पापण्या जड होत असताना मी मनाशी एकच निश्चय घोकतो आहे की, माझ्या सहा वर्षांच्या कन्येस, शेवंतास, आज चार वाजता पुन्हा विहिरीवर न्यायचेच.

पांगाऱ्याचे वाळलेले लाकूड बुडत नाही. त्याचा बिंडा पाठीशी बांधून आमच्याकडील लेकरे पोहणे शिकतात. मागील महिन्यात मी तो शेवंताच्या कमरेला बांधला, कारण मला स्वतःस पोहता येत नाही आणि विचारण्याची लाज वाटली. तिची कंबर वर तरंगली व मस्तक पाण्याखाली गेले. शेजारच्या हणमाने उडी टाकून तिला काढले. मी, तिचा जन्मदाता, पायरीवर तिचा झगा हाती घेऊन उभा होतो. तेव्हापासून ती रोज विचारते की पुन्हा विहिरीवर केव्हा जायचे, आणि मी रोज काहीतरी निमित्त सांगतो.

पिठाचा धुरळा हळूहळू खाली बसतो. त्यात येसूमामा बसलेले दिसतात. अर्ध्या गावास त्यांनी पोहायला शिकविले. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी ओली आहे.

"काय गिरणीवाले, पोरीचं बदक केलंसा म्हणं? बूड वर न् चोच खाली?"

"मामा, आपण केव्हा आलात?"

"आपण-बिपण ऱ्हाऊ दे. तुला मी किती डाव शिकवाय बघितलं?"

"एकदाच."

"आन् तू चिंचेवर जाऊन बसलास. दिवस मावळंपतोर! तुझी आई खालनं भाकरी दावत हुती."

मी लज्जेने मान खाली घालतो, तो खाली जमीन नाही, विहिरीची ओली पायरी आहे.

"हात वर कर."

मी वर केलेले हात काटकुळे आहेत, सहा वर्षांच्या मुलाचे. मामा माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध बिंडा टेकवतात आणि दोर काखेखालून छातीवर घेतात.

"हितं. म्हंजी डोस्कं आपसूक वर ऱ्हातं. कमरेला करदोडा बांधत्यात, बिंडा न्हाई."

"आवळते आहे, मामा."

"आवळू दे. ढिला ऱ्हायला की सरकत सरकत कमरेला येतोय."

आता मी पाण्यात आहे, आणि ते पाणी सातवीच्या वर्गात भरलेले आहे. बाके संथपणे डुलत आहेत. फळा निम्मा बुडाला आहे. मामा माझ्यापुढे छातीभर पाण्यात उभे आहेत. मी हात मारतो, जवळ पोहोचतो, तोच ते एक पाऊल मागे सरतात.

"मागे सरू नका ना!"

"मी हाललो न्हाई तर तू कशाला हात मारशील? पाण्याकडं नगं, माझ्या तोंडाकडं बघ."

मी त्यांच्या मुखाकडे पाहतो आणि हात मारीत राहतो.

"पोरीच्या म्होरं कोण हुबं ऱ्हाणार?" ते विचारतात.

"हणमा."

"ती हणमाकडं यील? ती बापाकडं यील. खालच्या रुंद पायरीवर छातीइतकंच पाणी हाय. तिथं हुबा ऱ्हा."

"मला भय वाटते, मामा."

"वाटू दे की. पाय दगडावर हायत न्हवं? बोल, उतरतोस का न्हाई?"

बाके डुलायची थांबतात. मामा उत्तराची वाट पाहत आहेत, आणि मला माहीत आहे की ते पुन्हा विचारणार नाहीत.

"उतरतो."

मामा मान हलवितात, पाठ फिरवितात आणि वर्गाच्या खिडकीतून पोहत बाहेर जातात. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही.

कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा ओढीत आहे.

"आबा, चार वाजलं! आज काय, पट्टा तुटलाय का पोटात दुखतंय?"

"काही नाही. चल."

मी उठून सदरा काढू लागतो. शेवंता नवलाने पाहते.

"तुमी कशाला सदरा काढताय?"

"पाण्यात तुझ्यापुढे मी उभा राहणार आहे. तू माझ्याकडे यायचे."

ती जवळ येते व माझ्या छातीवर बोट ठेवते. एका काखेखालून दुसऱ्या काखेपर्यंत तांबडा वळ उमटला आहे, आणि त्यात दोराचा पीळ न् पीळ मोजता येतो. पोत्याची शिवण उमटती तर पाठीवर उमटती. मी हात लावून पाहतो. चुणचुणते.

"दुखतंय व्हय, आबा?"

"थोडेसे," मी सांगतो. "पण बांधायची जागा हीच आहे."