सयाजी हवालदार आणि माडीवरचे संगणक

यापुढं जिना चढता येणार नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सयाजी हवालदारानं विचारलं, "मग माडीवरच्या पोरींचं काय?" डॉक्टरांना वाटलं, याच्या मुली वरच्या मजल्यावर राहत असतील. सयाजीची बायको शालन हिनं डोळे पुसत खुलासा केला, की पोरी गावातल्या, माडीवर संगणक शिकायला येणाऱ्या.

सयाजी कडेगावजवळच्या एका वाडीतला. उमेदीची वर्षं त्यानं फौजेच्या सिग्नल विभागात काढली. कधी बर्फात तारा ओढल्या, कधी वाळूत. पेन्शनीवर घरी आला तेव्हा गावाला वाटलं, आता हा ऊस लावील आणि पारावर बसून सरहद्दीच्या गोष्टी सांगेल. ऊस त्यानं लावला, पण पारावर बसणं काही त्याला जमलं नाही. एका बंद पडलेल्या कचेरीतले जुने संगणक त्यानं टेम्पोत घालून आणले, खोलून पुसले, दुरुस्त केले आणि माडीवर ओळीनं मांडले. तालुक्याच्या क्लासला एसटीनं जायला ज्या पोरींना घरून परवानगी मिळत नव्हती, त्या इथं येऊ लागल्या. फी नव्हती. वेळेवर यायचं, एवढी एकच अट.

मग गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागं सरकला आणि सयाजी मधे सापडला. जीव वाचला, पण कमरेखालची सगळी ताकद गेली.

चाकाच्या खुर्चीतून तो घरी आला तेव्हा संगणक खाली आणायचं बोलणं झालं. पण खाली जागा होती कुठं? सोप्यात शालनचं दूध संकलन: किटल्या, काटा, फॅट काढायचं यंत्र आणि नोंदीला एक संगणक. मधल्या खोलीत त्याची कॉट. पोरी यायच्या, माडीवर जायच्या आणि अडलं की जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडून विचारायच्या. खालून सयाजी ओरडायचा, "डाव्या अंगाला बघ! आगं, डाव्या! आता काय दिसतंय?" वरून उत्तर येईपर्यंत सोप्यातली माणसं हसून घ्यायची.

एके सकाळी त्यानं माधवनगरच्या मतीनला फोन लावला. मतीन त्याच्याच युनिटातला. आता घरीच संगणक दुरुस्त करायचा.

"मतीन, मला हितं बसून वरच्या मशिनी चालवायच्यात."

"मग रिमोटचं सॉफ्टवेअर टाक की गड्या. एका पडद्यावर दुसरा पडदा दिसतो, माऊसबी तुझाच चालतो. ढिगानं मिळत्यात."

"ढिगातलं कुठलं टाकू?"

"त्ये तुझं तुलाच ठरवाय लागंल. वापरल्याबिगर कळत न्हाई."

सयाजीनं मांडीवर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि तो कामाला लागला. वर जाऊन सॉफ्टवेअर घालायचं काम सिमरनचं. पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या चांदसाहेबांची ही थोरली मुलगी. बोलायला कमी, पण एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही.

पहिलं सॉफ्टवेअर चांगलं चाललं. वरचा पडदा खाली दिसला तेव्हा सयाजीनं शालनला हाक मारून दाखवला. पण तो एका संगणकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाऊ लागला, तसा सॉफ्टवेअरला संशय आला. हा धंद्याचा वापर दिसतो, घरगुती नव्हे, अशी पाटी झळकली आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. फुकट शिकवणाऱ्याला धंदेवाला म्हटलेलं सयाजीला झोंबलं. त्यानं ते काढून टाकलं.

दुसऱ्याची तऱ्हा निराळी. सयाजी खालून आत शिरला, की वरचा पडदा पोरीपुढून बंद व्हायचा. सगळं त्याला दिसायचं, तिला काहीच नाही. शिकवायचं कुणाला मग? तेही गेलं.

तिसऱ्यानं आशा लावली. पडदा दोघांना दिसायचा, माऊसचा बाण दोघांचा चालायचा. पण रस्त्याच्या खोदाईत केबल तुटून गावाचं इंटरनेट गेलं आणि सगळंच थांबलं. सयाजीनं मतीनला विचारलं, "आरं, मशिनी एकाच घरात हायती. मग इंटरनेट कशाला लागतंय?"

"त्यांचा सर्व्हर परदेशात असतो. तुझ्या खोलीतला निरोप आधी तिकडं जातो, मग तुझ्याच माडीवर येतो."

"मंजी जिना चढायला इमानानं परदेशात जाऊन यायचं व्हय?" सयाजी म्हणाला. "न्हाई जमायचं. घरातलं घरातच चाललं पायजे."

मतीन एक दिवस स्वतः आला. त्यानं घरच्या वायफायवरच चालणारं चौथं सॉफ्टवेअर घातलं. इंटरनेट असो-नसो, एकदा पासवर्ड भरून ठेवला की सयाजीनं नाव निवडायचं आणि आत जायचं. कुणाला उठवायला नको, विचारायला नको. सयाजीच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी तेज आलं. दिवसभर तो एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर फिरत राहिला. इथं स्पेलिंग सुधार, तिथं रकाना सरळ कर. शालनच्या दुधाच्या नोंदींतही त्यानं दोनदा डोकावून घेतलं.

"आवं, माझ्या मशिनीत का शिरला?" शालन सोप्यातून म्हणाली. "बाण आपला आपण पळाया लागला. गवळी घाबरला की!"

तो हसला. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

त्याच आठवड्यात सिमरन टाइप करत असताना तिची एक चूक सयाजीला खालून दिसली. त्यानं बाण धरला, ओळ खोडली आणि बरोबर ओळ लिहून टाकली. सिमरननं हात मागं घेतले. ती उठून खाली आली. खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "फौजीकाका, तुमी कवा बघताय आन् कवा न्हाई, आमाला कळतच न्हाई."

"आगं, मग काय झालं? शिकवायलाच बघतोय न्हवं?"

सिमरननं मान खाली घातली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. मग आणखी दोघी यायच्या बंद झाल्या. माडीवरचा आवाज कमी होत गेला.

"मी काय चोर हाय व्हय?" सयाजी शालनवर चिडला. "माझ्याच मशिनी, माझंच घर!"

शालन किटली घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "घर तुमचंच हाय. पर वयात आलेल्या पोरी हायती त्या. तुमी जिन्यानं वर जायचा तवा पायांचा आवाज व्हायचा. पोरी ओढण्या नीट करायच्या, गप्पा थांबवायच्या. आता तुमी न वाजताच येताय."

सयाजीनं लॅपटॉप मिटला. जेवण तसंच ठेवून तो खुर्चीतच बसून राहिला. चौक्यांवर रात्र-रात्र वायरलेसवर दुसऱ्यांचे आवाज चोरून ऐकायचं काम त्यानं केलं होतं. पण तिकडं शत्रू होता. इथं चांदसाहेबांची पोर होती.

सकाळी त्यानं मतीनला फोन केला. "त्ये चौथं काढायचं. ज्याला आधी विचाराय लागतं, असलं कुठलं हाय?"

"गड्या, आता कुठं झ्याक चाललंय! परत पहिल्यापास्नं कशाला?"

"पहिल्यापास्नं तर पहिल्यापास्नं."

या वेळी शोधायचं काय, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. घराबाहेर न जाता चालावं. आत यायच्या आधी समोरच्याला विचारावं. आत असेपर्यंत पडद्यावर त्याचं नाव ठळक दिसावं. आणि समोरच्यानं मनात आणलं तर त्याला तिथल्या तिथं बाहेर काढता यावं. असं एक खुलं, कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर निघालं. पण त्याचा सर्व्हर घरातच उभा करावा लागत होता. अडगळीतला एक म्हातारा संगणक त्यानं त्या कामाला लावला. मतीन फोनवरून सांगायचा, सयाजी खालूनच, जुन्या चौथ्यातून वर शिरून करायचा, चुकायचा, पुसून परत करायचा. एकदा मतीनच कंटाळून म्हणाला, "सोड की आता." सयाजी म्हणाला, "तू दमला असशील तर उद्या बोलू. मी न्हाई दमलो." सगळ्या मशिनींवर ते नीट बसलं आणि चौथं निघालं तेव्हा त्याची पाठ ठणकत होती, आणि शालननं त्याला जबरदस्तीनं आडवं केलं.

पण पोरी कुठं होत्या?

अपघातानंतर सयाजीनं उंबरा ओलांडला नव्हता. दवाखान्याची गाडी दारात लागायची, तेवढंच. लोकांनी खुर्चीत बघावं, हे त्याला सोसत नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्यानं इस्त्रीचा सदरा मागितला.

"कुठं निघाला?"

"चांदसाहेबांकडं."

"मी ढकलते खुर्ची."

"उंबऱ्याभाईर काढ नुसतं. फुडं माझा मी जातो."

रस्ता खडबडीत होता. पारावरची माणसं वळून बघू लागली. कुणी तरी "हवालदार, थांबा, आलो!" म्हणत उठलं, सयाजीनं हातानंच नको म्हटलं. तळहात सोलले तरी तो चाकं रेटत राहिला. चांदसाहेबांच्या दारात पायऱ्या होत्या. तिथं तो थांबला आणि त्यानं हाक मारली. पत्रा ठोकायचा आवाज बंद झाला. चांदसाहेब बाहेर आले आणि त्याला बघून घाईघाईनं पायऱ्या उतरले. मागं त्यांची बायको फरीदाभाभी, आणि दाराआड सिमरन.

"सिमरनशी बोलायचंय, तुमच्या म्होरंच," सयाजी म्हणाला. "पोरी, चूक माझी. न विचारता तुझ्या कामात हात घातला. आता नवं बसवलंय. मी यायच्या आधी तुला विचारलं जाईल. तू व्हय म्हणलीस तरच मी येणार."

सिमरन दाराआडून पुढं आली. "आन् मी न्हाई दाबलं तर?"

"तर मी खाली च्या पीत बसणार."

चांदसाहेबांना हसू आलं. सिमरन हसली नाही. ती विचार करत होती. "उद्या येऊन बघते," ती म्हणाली.

ती आली. सयाजीनं खालून तिचं नाव निवडलं. तिच्या पडद्यावर प्रश्न उमटला: सयाजी हवालदार जोडणी करू इच्छितात, परवानगी द्यायची का? सिमरननं "नाही" दाबलं. सयाजीनं थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा "नाही". शालननं त्याच्याकडं बघितलं. तो खरोखरच चहा मागून बसला.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी गुणांच्या तक्त्यातलं एक सूत्र सिमरनला काही केल्या बसेना. वरून हाक आली, "फौजीकाका, या की आता!" त्यानं विचारलं, तिनं "हो" दाबलं. त्यानं बाण फक्त चुकलेल्या कंसापाशी नेला आणि तिथंच ठेवला. सिमरननं कंस दुरुस्त केला, बेरीज आली. "झालं, काका," ती म्हणाली आणि तिनंच जोडणी तोडली.

महिन्याभरात बाकीच्या पोरी परतल्या. पुढच्या वर्षी सिमरन साताऱ्याला कॉलेजात गेली. चांदसाहेब स्वतः तिला वसतिगृहावर सोडून आले. माडीवर आता नव्या पोरी आहेत, आणि पहिल्याच दिवशी त्यांना "नाही" कुठं दाबायचं ते शिकवलं जातं. सयाजी रोज संध्याकाळी खुर्चीवरून पारापर्यंत जातो. भारनियमनात वायफायचा डबा बंद पडतो, तो बॅटरीवर कसा चालवायचा, यावरून सध्या त्याचं आणि मतीनचं रोज फोनवर भांडण चालू आहे.