गजूभाऊंची विंच आणि नवे नियम

डेकवरचा गंज आणि गजूभाऊंचे किस्से, दोन्ही कितीही खरवडा, आठवड्यात पुन्हा जमतात! आमचं जहाज समुद्रातल्या तेलाच्या रिगचे नांगर ओढून बसवतं. त्यासाठीची विंच, म्हणजे जाड पोलादी वायर ओढून गुंडाळणारं यंत्र, गजूभाऊ चालवतात. ते पुलगावचे, मी सेलूचा. डेकवर वर्धा जिल्ह्याचाच आवाज मोठा!

यंदा नवे नियम आले. विंच, वायर, हुक, सगळ्याची चाचणी, सगळ्याचं सर्टिफिकेट. शिवाय चालवणाऱ्याची तोंडी परीक्षा. नापास झाला, तर विंच दुसऱ्याच्या हातात! वीस वर्षं ती चालवणारे गजूभाऊ नियमांची फाइल छातीशी धरून सुट्टीवर गेले.

*

घरी विहिरीतून मोटार काढणं चाललं होतं. चौघं दोर ओढत होते. गजूभाऊ धावत आले. "थांबा! काऊन ओढून राह्यले? ह्या दोराचं सर्टिफिकेट कुठी हाय?"

त्यांचे वडील दोर न सोडता म्हणाले, "तुह्याच जन्माचा दाखला अजून भेटला नाई, दोराचा कुठून आणू?"

*

फाइल इंग्रजीत, म्हणून लेकीनं ती मराठीत लिहून दिली. गजूभाऊ मोठ्यानं घोकायचे, वहिनी पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या.

जहाजावर परतल्यावर एकदा वहिनींचा व्हिडिओ कॉल चालू होता. सेकंड ऑफिसरनं सहज विचारलं, "गजूभाऊ, ब्रेक बिघडला तर काय करायचं?" गजूभाऊ आठवत बसले. तोवर फोनमधून वहिनींचं उत्तर आलं, अगदी क्रमवार!

ऑफिसर म्हणाला, "वहिनी, जॉइन कधी होता?"

*

तपासणी न झालेल्या वस्तूला लाल टॅग लावायचा होता. गजूभाऊंनी दुपारपर्यंत अख्खा डेक उरकला आणि जोशात कुकच्या मिक्सरलाही टॅग लावला. त्या दिवशी चटणी नाही!

दुसऱ्या दिवशी गजूभाऊ ऐटीत डेकवर फिरले. सगळे हसत होते. कुकनं त्यांच्या पाठीवर टॅग चिकटवला होता: "तपासणी बाकी!"

*

मग परीक्षेचा दिवस उजाडला. मला खरंच धाकधूक होती. विंच हातातून गेली असती, तर हा माणूस आतून खचला असता.

परीक्षा घ्यायला सर्व्हेअर साहेब आले. वायर ताणायला सुरुवात झाली. साहेब फाइल चाळत, मागे मागे सरकत प्रश्न विचारू लागले. पहिल्या प्रश्नाला गजूभाऊ अडखळले. दुसऱ्याला नुसताच घाम पुसला.

तिसरा प्रश्न आला. "वायरवर ताण असताना कुठे उभं राहायचं नाही?"

गजूभाऊंनी वर पाहिलं आणि खटका दाबून विंचच बंद केली.

साहेब चिडले. "मशीन का थांबवलं? आधी उत्तर द्या!"

"देऊन राह्यलो ना साहेब," गजूभाऊ म्हणाले. "तुमी उभे आहा ना, तेथंच!"